आमच्याकडचं सीरियस

आमच्याकडे फोनवर कुणी मरत नाही. फोनवर माणूस फक्त सीरियस होतो. चुलत सासरे गेले तेव्हा अंगणात तिरडी बांधायला घेतली होती आणि माझे दीर ओट्यावर बसून एकेका नातेवाइकाला सांगत होते, तब्येत सीरियस आहे, निघून या. ऐकणारा समजून जातो. उलटून कुणी विचारत नाही, कारण विचारलं तर खरं सांगावं लागेल, आणि बसमध्ये एकट्या माणसाला रडू कोसळलं तर त्याला धरायला कोण? रीत मायेची आहे, हे मी आजही नाकबूल करत नाही.

मी कारंज्याला शाळेत इंग्रजी शिकवते. सीरियस म्हणजे गंभीर, असं फळ्यावर लिहून लिहून हात दुखले. मुलांना वाक्यात उपयोग करायला लावते, चुकलं तर लाल शाई कमी पडू देत नाही. पण फळ्यावरचा शब्द फळ्यावर आणि फोनवरचा फोनवर, अशी वाटणी माझ्या डोक्यात कधीचीच होऊन गेली होती.

माझे वडील अकोल्याकडच्या मालेगावजवळ भाजीपाला पिकवायचे. वांगी, मेथी आणि मुख्य म्हणजे सांभार, ज्याला शहरात कोथिंबीर म्हणतात. माझ्या पिशवीत सांभाराची जुडी टाकल्याशिवाय त्यांनी मला कधी बसमध्ये चढू दिलं नाही.

त्या सकाळी शाळेत प्रार्थना संपत आली होती आणि धाकट्या भावाचा फोन आला. घरी मला सगळे बाईच म्हणतात. "बाई, बाबा सीरियस हायेत. निघ." आवाज बसलेला होता. मी काही विचारलं नाही. फोन ठेवला आणि तिथंच खाली बसले. शाळेतल्या बायांनी मला जवळ घेतलं. त्यांनाही अर्थ सांगावा लागला नाही.

मग बाप गेलेल्या लेकीनं करायचं ते सगळं मी केलं. आता घाई तरी कशाची होती? वाटेत मंगरूळपीरला उतरून आत्याला, वडिलांच्या बहिणीला, सोबत घेतलं. ती निंदायला शेतात गेली होती; तिला कुणीतरी बोलावून आणेपर्यंत मी ओसरीत बसून राहिले. मग दोघी बाजारात गेलो, कारण शेवटचं पांढरं कापड लेकीकडून यावं लागतं. दुकानदारानं दोन प्रकारचं दाखवलं. मी हात फिरवून पाहिला आणि मऊ होतं ते घेतलं. वडिलांना खरखरीत कपडा कधी सोसला नाही. पुढच्या बसमध्ये आम्ही एकमेकींना धरून पोटभर रडलो.

घराच्या दारात गर्दी नव्हती. गेलेल्या माणसाच्या दारात ती सकाळपासूनच असते. एक मोटारसायकल तेवढी उभी होती आणि आतून आईचा आक्रोश येत होता, नुकताच सुरू झालेला. भाऊ उंबऱ्यावर आला. आदल्या दिवशी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. सकाळपासून वडील शुद्धीवर होते, बाई आली का म्हणून विचारत होते. आम्ही फाट्यावर उतरलो असू, तेवढ्यात गेले. सांगता सांगता त्याची नजर माझ्या काखेतल्या पुडक्यावर गेली.

"कापड घेऊन आली, बाई?" तो म्हणाला. "मी तं सीरियस हायेत म्हटलं होतं."

रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो खरोखरच विचारत होता. माझा बाप दाराकडे डोळे लावून होता आणि मी त्याच्यासाठी कापड निवडत होते. हे लिहितानाही बोटांना ते मऊ कापड लागतं. मागाहून जमलेले लोक मात्र मला नावाजत होते: लेक कशी पहिली आली, कापडही विसरली नाही. मला त्या सगळ्यांचा संताप आला. इतक्या मायेनं बांधलेल्या त्या रीतीचाही आला.

तेव्हापासून वर्गात तो शब्द आला की खडू अडतो. गंभीर एवढं लिहून माझं भागत नाही. ज्याच्यापर्यंत अजून पोचता येतं तो माणूस सीरियस, हा अर्थ कुठल्या गाइडात नाही, म्हणून मी तो तोंडी सांगते. मुलं तो लिहून घेत नाहीत, परीक्षेत येत नाही म्हणून.

यंदा पोळ्याच्या सुमारास आईनं अंथरूण धरलं. मी रजा टाकून तिच्याजवळ होते. भाऊ फुलकोबी घेऊन अकोल्याच्या बाजारात गेला होता. डॉक्टर घरी येऊन तिला पाहून गेले आणि जाताना म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. मी फोन लावला. तोच शब्द जिभेवर आला. मी तो गिळला.

"माय जित्ती हाये," मी म्हटलं. "बोलून राह्यली. तू फक्त ये."

आई खाटेवरून ऐकत होती. छताकडे पाहत म्हणाली, "तुह्या बाबाच्या वक्ती असं काहून नाही सांगतलं कोनं?"

मी तिचे पाय चेपत राहिले.

भाऊ कोबी बाजारात तशीच टाकून, रिकाम्या हातानं आला. आईनं त्याला ओळखलं, जेवलास का म्हणून विचारलं, त्याच्या हातून पाणी प्यायली. पहाटे ती गेली. कापड मग सकाळी मालेगावच्या दुकानातून आणलं. ते आणायला मी गेले नाही.