मल्लप्पाची शिल्लक दुखणी

आमच्या पालिकेत आजारी पडणं ही एक कला होती. लग्नसराई आली की माणसांच्या कमरा धरायच्या, संक्रांतीला गावची गड्ड्याची जत्रा भरली की निम्म्या खात्याला हगवण लागायची, आणि ही सगळी दुखणी डॉक्टरच्या दाखल्यासकट माझ्या टेबलावर येऊन पडायची. मी आस्थापना विभागात कारकून होतो, रजेचे अर्ज माझ्याकडं. दाखला आणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये एवढं त्या खुर्चीनं मला शिकवलं. पण कधीच दाखला न आणणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते शिकवलं नव्हतं.

असा माणूस सबंध पालिकेत एकच होता, पाणीपुरवठा खात्यातला मल्लप्पा. मूळचा अक्कलकोटकडचा, घरात कानडी, बाहेर मराठी. पहाटे सायकलच्या दांडीला पाण्याचे व्हॉल्व फिरवायची लांब लोखंडी चावी बांधून तो निघायचा, रस्त्यातलं झाकण उचलून खड्ड्यात उतरायचा आणि एकेका पेठेला पाणी सोडायचा. पावसाळ्यात ते खड्डे कमरेएवढे भरायचे. खाली काचा, गंजके खिळे, विंचू. त्याच्या जोडीला लागलेल्यांपैकी कुणाला दमा जडला, कुणाचे गुडघे गेले, एकजण तर धनुर्वातानं गेला. मल्लप्पाला साधी शिंक आलेली कुणी ऐकली नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात, पाणी लवकर का बंद केलं म्हणून लोकांनी त्याला खड्ड्यातच गाठलं आणि दगड घातले. एक दगड सरळ कानशिलावर बसला. बघणाऱ्यांनी डोळे मिटले. मल्लप्पा कपाळ पुसत वर आला आणि पुढच्या पेठेचं पाणी सोडायला निघून गेला. खरचटलंसुद्धा नव्हतं. आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

शहात्तर साली पालिकेनं ठराव केला. ज्याची वैद्यकीय रजा शिल्लक असेल त्यानं ती पालिकेला परत करावी आणि तिच्या बदल्यात पगाराच्या हिशेबानं रोख रक्कम न्यावी. संधी एकदाच, अर्ज दिवाळीच्या आत. रजा दिली की तुमचं खातं कोरं; त्यानंतर आजारी पडलात तर बिनपगारी. जत्रेला आणि लग्नाला ज्यांनी आजार उधळले होते ते कपाळाला हात लावून बसले. जो तो म्हणू लागला, मल्लप्पाचं नशीब फळफळलं. मुदत सरत आली तरी मल्लप्पा काही आला नाही. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण इथं कर्माच्याही आधी माणूसच आडवा आला होता. मला राग आला. एका रविवारी दुपारी अर्जाचा कागद खिशात घालून मी त्याच्या घरी गेलो.

बाळीवेशीच्या मागं एका बोळात त्याची एक खोली होती. उंबऱ्यात एक म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. मी विचारलं, आजी, तुमचा मुलगा आहे का घरात? ती त्याची बायको निघाली, नागव्वा. त्याच्याहून चांगली दहा वर्षांनी लहान. दम्यानं तिची छाती वाजत होती, गुडघे सुजले होते आणि उजवा हात मांडीवर पडला होता, कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखा. आतून मल्लप्पा बाहेर आला. ताठ, तुकतुकीत, केस काळेभोर. त्या दोघांना शेजारी बघून मी काय बोलायला आलो तेच क्षणभर विसरलो.

नागव्वाला मिरजेला नेऊन दाखवायचं असं त्यांचं कधीपासून चाललं होतं, अडत होतं पैशावर. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी एक पावसाळा ही छाती काढणार नाही. मी म्हटलं, अरे मग तुझ्याच नावावर पैसा पडलाय की. सही कर, महिन्याभरात मिरज गाठ.

मल्लप्पानं मान हलवली. "दुकलं तिला, सायेब," तो म्हणाला, "आन पैसं मी खायाचं व्हय?"

मला वाटलं, बोलायची रीत आहे. संसारापायी बायको झिजली असं सगळेच नवरे म्हणतात आणि पानाला चुना लावतात. पण मल्लप्पा अक्षरशः तेच म्हणत होता. ते मला नागव्वानं समजावून सांगितलं, धापा टाकत, थांबत थांबत.

रोज पहाटे तो निघायच्या आधी ती त्याची दृष्ट काढायची. मीठ, मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या त्याच्यावरून उतरायची. हे घरोघरी करतात. उतरलेलं लगेच चुलीत टाकतात, मोहरी तडतडते, मिरचीचा ठसका लागतो आणि विषय संपतो. पण नागव्वाच्या माहेरी, मैंदर्गीला, रीत वेगळी. माणूस वाटेवर असताना त्याचं मीठ जाळायचं नाही. तो परत उंबऱ्यात आला की मगच चुलीत टाकायचं. मल्लप्पा परतायचा भर दुपारी. तोवर नागव्वा विड्यांच्या कारखान्यात गेलेली, चूल विझलेली. म्हणून ते मीठ ती गाडग्यात टाकून ठेवायची. अमावास्येला एकदम जाळू म्हणायची. अमावास्या यायची आणि जायची.

"म्हणजे लग्नापासूनचं?" मी विचारलं.

तिनं डाव्या हातानं बाजेकडं दाखवलं. मी वाकून बघितलं. भिंतीला लागून गाडग्यांची ओळ होती, तोंडं फडक्यानं बांधलेली. आतलं मीठ गाडग्यांतून झिरपून बाहेर आलं होतं आणि बाजेखालची जमीन पांढरी पडली होती. नागव्वा म्हणाली, पहिलं गाडगं भरलं त्या साली माझी छाती वाजायला लागली. ज्या साली ह्यांच्या जोडीदाराचे गुडघे गेले, त्या साली ह्यांचे शाबूत राहिले आणि माझे सुजले. दुष्काळात ह्यांना दगड बसला त्याच घटकेला कारखान्यात माझ्या हातातली कात्री गळून पडली, तेव्हापासून हात असा. दगडाची बातमी मला संध्याकाळी कळली.

मी शिकलेला माणूस. मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, म्हणून मी वैतागलो. म्हटलं, एवढंच ना, मग आत्ता जाळून टाका आणि मोकळे व्हा.

नागव्वा म्हणाली, "शिळी दिष्ट जळत न्हाई, अण्णा. ज्याची त्याला परत जाते. माजी आई सांगायची."

मल्लप्पा तिच्याकडं वळला. "ह्ये तू मला कदी सांगितलं न्हाईस."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याच्याही. ती अमावास्या विसरत नव्हती. पहिली दोन-चार चुकली असतील आळसानं. मीठ शिळं झालं आणि आता ते जाळलं तर काय होईल हे कळल्यावर मात्र तिनं गाडगी जपली होती, एकावर एक भरत गेली होती, आणि नवरा ठणठणीत राहतोय हे उंबऱ्यात बसून बघत होती. मी आजवर जेवढ्या बायका बघितल्या त्यांत हिच्यापुढंच मला हात जोडावेसे वाटले, पण मी कारकून, मी नुसता घसा साफ केला.

मल्लप्पानं मला कागद मागितला. भिंतीवर ठेवून सही केली. म्हणाला, "दुकनं माजं मला, पैसं तिचं तिला." मग तो बाजेखाली सरपटत गेला आणि एकेक गाडगं ओढून चुलीपुढं आणू लागला.

"ब्याडरी," नागव्वा कानडीत म्हणत होती, नको हो, नको. डाव्या हातानं तिनं त्याचा सदरा धरला होता. त्यानं तो हळूच सोडवला, चूल पेटवली आणि गाडगी उपडी केली.

मला तपकिरीच्या वासानंही खोकल्याची उबळ येते. मी नाकाला रुमाल लावून दारात उभा राहिलो. मिरच्या लाल झाल्या, काळ्या झाल्या, त्यांची राख झाली. ठसका आला नाही. मोहरी तडतडली नाही. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती असं बायका म्हणतात, ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण इथं उभ्या संसाराच्या मिरच्या जळत होत्या आणि खोलीत वास म्हणून नव्हता. मी रुमाल काढून मुद्दाम जोरात श्वास घेतला. काही नाही. चूल भडकलेली, आणि खोली गार पडत चाललेली. शेजारची चंद्रव्वा डोकावली, काय जाळताय म्हणून विचारायला नव्हे. आज तुमच्या घरातनं खड्ड्यातल्या गाळाचा वास येतोय, एवढं म्हणून ती नाक धरून गेली. तो मला येत नव्हता. मी बाहेर उन्हात येऊन उभा राहिलो. खरं सांगतो, मी भ्यालो होतो.

अर्ज वर गेला, मंजूर झाला. पैसे मिळायच्या आधीच मल्लप्पाला ताप चढला. नोकरीतला पहिला ताप, आणि त्यासाठी रजा नव्हती. त्याचं खातं कोरं करून मीच वर पाठवलं होतं. साहेबांकडं गेलो, रदबदली केली. साहेब म्हणाले, विकली ना रजा, मग बिनपगारी लिहा. मी मनातल्या मनात त्यांना, ठरावाला आणि माझ्या टाकाला शिव्या घातल्या आणि बिनपगारी लिहिलं.

बघायला गेलो तर मल्लप्पा बाजेवर पडलेला. उशी ओलीचिंब. घाम असेल म्हणून मी हात लावला, तर हाताला गाळ लागला. बारीक, काळा. "ह्यो पैल्या पावसाळ्याचा ताप," मल्लप्पा म्हणाला, जुना ओळखीचा भेटावा तसा. नंतर त्याची छाती वाजायला लागली आणि नागव्वाची वाजायची थांबली. त्याचे गुडघे सुजले, तिचे उतरले. मग त्याच्या तळव्याला भोक पडलं आणि त्यातून गंजाचं पाणी येऊ लागलं. कुठल्या पेठेच्या खड्ड्यात तो खिळा रुतला होता ते त्याला आठवत होतं. तेव्हा रक्ताचा थेंब आला नव्हता.

दुखणी सालवारीनं येत होती. हे सगळ्यात आधी त्याच्याच लक्षात आलं.

मिळालेल्या पैशातून दोघं मिरजेला जाऊन आली. डॉक्टरांनी नागव्वाला तपासून सांगितलं, बाई चांगली आहे, हाताची शीर तेवढी मेली आहे. मल्लप्पाला तपासलं, पुन्हा तपासलं, आणि काहीच सांगितलं नाही. ती परत आली तेव्हा नागव्वाच्या गालांवर मांस धरलं होतं. बोळातल्या बायका तिच्याकडं बघायचं टाळायच्या. तीही पदर पुढं ओढून बसायची, अंगावर आलेली तब्येत चोरून आणल्यासारखी.

"आता बहात्तर साल ऱ्हायलं," मल्लप्पा एकदा मला म्हणाला. नागव्वा तिथंच होती. तिनं भांडं आपटलं आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली, चालत, एकटी. पदराच्या गाठीत उरलेले पैसे बांधून आणले होते. ते तिनं माझ्या टेबलावर ठेवले. "ह्ये घ्या अण्णा, आन ह्यांची रजा परत द्या," ती म्हणाली. "मंजी पैल्यासारकं व्हईल. हात ऱ्हाऊ द्या माजा असाच." नियमात बसत नाही हे वाक्य मी त्या खुर्चीत बसून उठता-बसता उच्चारलेलं. त्या दिवशी ते माझ्या तोंडून निघता निघेना. शेवटी मी ते म्हणालोच. तिनं पैसे पुन्हा गाठीला बांधले. रोज पहाटे ती अजून त्याच्यावरून मीठ उतरायला बघते आणि तो मनगट धरतो, हे तिनं जाता जाता सांगितलं.

शेवटचा गेलो तो होळीच्या सुमाराला, सकाळी. नागव्वानं डाव्या हातानं मला चहा दिला. उजवा पदराखाली होता. मल्लप्पा कुशीवर पडून तिच्याकडं बघत होता, बराच वेळ. केस पांढरे झाले होते त्याचे.

"नागव्वा, हात दाव," तो म्हणाला.

ती जागची हलली नाही.

"कवापासनं?"

"परवापासनं," ती म्हणाली आणि रडायला लागली. परवा चुलीतला निखारा बोटाला लागला आणि बोट पोळल्याचं कळलं, तेव्हा उजव्या हातात जीव आल्याचं तिला समजलं. दोन दिवस तिनं तो हात लपवला होता. त्याला कळलं नाही तर कदाचित दुखणंही वाट चुकेल, असं तिला वाटलं होतं. मल्लप्पा हसला. त्याला आनंद झाला होता, नुसता आनंद. मी तेवढा आनंदी माणूस नंतर बघितला नाही. त्यानं तिला पाणी मागितलं, त्याच हातानं दे म्हणाला.

तिनं तांब्या उचलला, फुलपात्र भरलं, आणि उजव्या हातानं त्याच्या ओठांना लावलं. एक थेंब सांडला नाही. तो सगळं पाणी प्याला, तिच्या बोटांकडं बघत. मग त्यानं कानशिलाला हात लावला, आत्ता कुणी दगड मारल्यासारखा, आणि हळू आवाजात म्हणाला, "लागला गं."

नागव्वानं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं.