कानवाल्या मालनबाई आणि पेटीतला पंखा

मालन शितोळेचं लग्न का झालं नाही असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, "मला घोरणं चालत नाही." विचारणारा हसायचा आणि विषय मिटायचा. खरी गोष्ट अशी की धारच्या बळवंतराव शितोळ्यांची ही थोरली मुलगी. पाठच्या दोघी उजवता उजवता हिचं वय निघून गेलं. त्यात रडण्यासारखं तिला काही वाटलं नाही. पण घोरण्याचं कारण अगदीच थापेचं होतं असंही नव्हे. आवाज तिला सोसत नसे. भांडण, बँड, लाउडस्पीकर यांचं काही नाही. बारीक, सतत चालणारा आवाज म्हटला की तिच्या कपाळावर आठी पडायची.

बळवंतराव धारला शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. पोर दहा वर्षांची होती तेव्हापासून ते हातचाक फिरवायचे आणि तिला विचारायचे, "कुठं अडतंय?" ती सांगायची, "खाली, डाव्या अंगाला." ते उघडून बघत. तिथंच असायचं.

ते गेले १९७३ साली. पुढच्या वर्षी मॅट्रिकचा दाखला घेऊन मालन देवासला आली आणि इंडस्ट्रियल एरियातल्या पंख्याच्या मोटरींच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. महिन्याच्या आत तिनं एक मोटर खोक्यातून परत काढून बाजूला ठेवली. विश्वासराव तेव्हा नवे इंजिनिअर, कोल्हापूरहून आलेले. त्यांनी विचारलं, "ही का काढली?"

"ही रडतेय."

"मोटर रडते?"

"तुम्हीच ऐका ना साहेब. चालू केली की एकदम बारीक रडते, मग दाबून टाकते."

विश्वासरावांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी मोटर खोलली. बेअरिंगच्या एका गोळीचा टवका उडालेला होता. त्यांनी मग दहा मोटरींत दोन खराब मिसळून तिच्यापुढं मांडल्या. तिनं तीन काढल्या. तिसरी त्यांच्या मते चांगली होती. तीही उघडली, आणि ते बराच वेळ भिंग लावून बसले. दुसऱ्या दिवसापासून मालनची बदली तपासणीत झाली.

तिच्यासाठी खोली बांधली. उत्तरेच्या कोपऱ्यात, जाड भिंतींची, एकामागे एक दोन दारं आणि आतून चहूकडं नमदा ठोकलेला. लोकर दाबून केलेला हा जाड नमदा आवाज गिळून टाकतो. दोन्ही दारं लावली की बाहेरचा अख्खा कारखाना नाहीसा व्हायचा. आत एक टेबल, एक स्टूल, खडू आणि सागवानी दांडी. दांडीचं एक टोक मोटरीवर, दुसरं कानामागच्या हाडावर. चांगली असली तर खडूचा गोल, वाईट असली तर फुली. दिवसाला दोनशे मोटरी. छताला पंखा नाही, कारण पंख्याचा आवाज. पंख्याच्या कारखान्यात बारा उन्हाळे ही बाई पंख्याविना घाम पुसत बसली, आणि त्याचा तिला अभिमान होता. कारखान्यात तिला कानवाल्या बाई म्हणत. तिनं गोल काढलेली मोटर परत आली, असं बारा वर्षांत झालं नाही. माणसाला आयुष्यात एवढं मिळालं तर पुष्कळ झालं.

१९८६ साली कॉम्प्युटर आला.

मुंबईचा माणूस आधी येऊन सगळा कारखाना फिरून गेला. याला धूळ चालत नाही, ऊन चालत नाही, बंद खोली पाहिजे, असं त्यानं सांगितलं. अशी खोली कारखान्यात एकच होती. विश्वासराव आता मॅनेजर झाले होते. त्यांनी मालनला बोलावून सांगितलं, "तुमच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवतोय. नवी खोली होईपर्यंत. टाइपरायटरएवढं तर यंत्र. तुमच्या मोटरी, तुमचे गोल-फुल्या, सगळं त्यातच भरायचंय. सोयच होईल."

सोय बघणारी माणसं नेहमी दुसऱ्याचीच बघतात. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मात्र खरं. यंत्राची पूजा झाली, दाराबाहेर नारळ फुटला, चपला बाहेर काढायच्या असा नियम झाला, आणि त्यावर काम करायला अलका नावाची मुलगी आली. तिचे वडील नागपुराकडून नोकरीसाठी इथं आलेले, पोरगी देवासातच शिकलेली. गोड होती. मराठी बोलायची, वाचायची मात्र नाही.

तिनं बटण दाबलं. पेटीच्या पाठीमागून आवाज सुरू झाला. घूंऽऽऽ. एका सुरात, न थांबता.

"हे काय वाजतंय?" मालननं विचारलं.

"फॅन आहे मावशी, आतमें. छोटासा. मशीन गरम होते ना, तो हवा फेकतो."

"किती वेळ चालतो?"

"जितना वेळ मशीन चालू, तितना वेळ. तुम्हाला तर पंख्यांची आदत असेल!"

सवयीचीच तर अडचण होती. नमदा बाहेरचा आवाज आत येऊ देत नाही. आतला आवाज बाहेर घालवणं त्याच्या हातात नाही. बाहेर कारखान्यात हे यंत्र कुणाच्या लक्षातही आलं नसतं. या खोलीत त्याच्याशिवाय दुसरं काही ऐकूच येईना. आणि नेमका सूर असा, की खराब बेअरिंगचं बारीक रडणं त्याच्याखाली बुडून जायचं. मालन दांडी हाडावर गच्च दाबायची, डोळे मिटायची, श्वास धरायची. दोनशेच्या जागी दीडशे मोटरी होऊ लागल्या. मग सव्वाशे.

तिनं विश्वासरावांना तीनदा सांगितलं. पहिल्यांदा ते म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, नव्या खोलीचं वरून मंजूर होत नाही. तिसऱ्यांदा ते खोलीत येऊन दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "मालनबाई, हा आवाज? एवढासा?"

"एवढासाच. मी ऐकते तोही एवढासाच असतो."

ते हसले. तिला हसू आलं नाही.

१९८७च्या दिवाळीनंतर भोपाळहून मोटरी परत आल्या. अकरा. सगळ्यांवर मालनचा खडूचा गोल. विश्वासरावांनी त्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि या वेळी ते हसले नाहीत. "मुंबईला कंप मोजायचं मीटर मिळतं," ते म्हणाले. "काटा फिरतो, त्याला आवाजाचं देणंघेणं नाही. मी अजून मागवलेलं नाही. पण आणखी परत आल्या तर मागवावंच लागेल. मग या खोलीत तुमचं काय काम राहील, तुम्हीच सांगा."

"पेटी हलवा, एक मोटर परत येणार नाही."

"पेटी हलणार नाही, बाई."

त्याच शनिवारी ती बसनं धारला गेली. आई यमुनाबाई थकलेली, दुपारची आडवी झाली होती. मालन शेजारी बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आई, पंखा बंद करू का? फार वाजतोय."

"कसला पंखा? सकाळपासून लाइट कुठं आहेत?"

मालननं वर पाहिलं. पाती स्थिर होती. आवाज चालूच होता. घूंऽऽऽ. ती उठून अंगणात गेली, तिथंही तो होता. विहिरीपाशी गेली, तिथंही.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, डॉक्टरला तरी. पण कानवाल्या बाईनं कान दाखवायला जायचं म्हणजे देवासात चार दिवसांत गवगवा, हे तिला कळत होतं. तिनं मनाशी हिशेब मांडला तो असा: रोज आठ तास ते यंत्र कानाशी वाजतं, म्हणून सुटीच्या दिवशीही कानात उरतं. घागर रिकामी केली तरी थोडा वेळ ओलीच राहते. यंत्र काही दिवस गप्प राहिलं, की कानही वाळेल. त्या भरवशावर तिनं हिवाळा काढला.

एप्रिलात अलका भावाच्या लग्नाला आठ दिवस नागपूरला गेली. जाताना बजावून गेली, "मावशी, मशीन बंद नका करू हां. सकाळी ऑफिसातून बाबू येऊन चालू करतील, संध्याकाळी तेच बंद करतील. बीच में बंद केली तर आतलं सगळं उडून जातं."

"मी कशाला हात लावू तुझ्या देवाला?"

"देवच आहे," अलका हसली. "बघा, चप्पल काढून येतात सगळे."

बंद करायचं नाही, हे मालननं पाळलं. तिनं गोदामातून उरलेला नमदा मागून आणला, पेटीचं माप घेतलं, आणि दाभणानं शिवून दुपारपर्यंत असा अंगरखा तयार केला, की बळवंतरावांनी पाठ थोपटली असती. पुढचा काचेचा पडदा तेवढा मोकळा ठेवला. मागची जाळी, बाजूच्या फटी, सगळं झाकलं. पेटीचा आवाज मंदावला. दुसरा थर चढवल्यावर जवळजवळ गेलाच.

ती काही अडाणी नव्हती. यंत्र तापतं हे तिला अलकानं सांगितलं होतं, आणि मोटर तापते हे तर तिला जन्माचं माहीत. पण त्यासाठी कारखान्यात एक पक्का नियम होता. अंगावर तळहात ठेवायचा आणि दहा मोजायचे. दहापर्यंत हात टिकला तर मोटर बरी. मालन तासातासाला नमद्याखाली हात घालायची आणि मोजायची. दहा. कधी बारासुद्धा. मोटरीचं तांबं आणि लोखंड जे सोसतं, ते या पेटीतल्या नखाएवढ्या तुकड्यांना सोसत नाही, हे त्या कारखान्यात तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? कुणाला माहीतच नव्हतं.

दोन दिवस निभावलं. त्या दोन दिवसांत ती फक्त कान शांत होण्याची वाट बघत बसली. कानातला आवाज तसाच होता. वाळेल, ती स्वतःला म्हणत होती, इतक्या लवकर कसा वाळेल.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला जळल्याचा वास आला. पडद्यावरची अक्षरं आधी वेडीवाकडी झाली, मग गेली. मालननं नमदा ओरबाडून काढला, खटका बंद केला आणि स्वतःच जाऊन विश्वासरावांना सांगितलं, "मी झाकली होती. अलकाला काही माहीत नाही."

विश्वासराव धावत आले. आधी पेटीकडं बघितलं, मग शिवलेल्या नमद्याकडं. तो अंगरखा हातात धरून ते म्हणाले, "हे तुम्ही केलंत? तुम्ही? एवढी वर्षं मी तुमचं नाव सगळ्यांना सांगत आलो."

"मला फक्त ऐकायचं होतं."

"तीन महिन्यांचं काम होतं यात, बाई!" ते ओरडले. चौदा वर्षांत प्रथमच. मग स्टुलावर बसले, डोकं धरलं. बाहेर फाटकाशी ट्रक उभा होता, दोनशे मोटरी तपासणीविना अडकल्या होत्या, आणि मुंबईचा माणूस येईपर्यंत पेटीचं काही होणार नव्हतं. शेवटी ते उठले. राग अजून होता, पण आवाज खाली आला होता. "झालं ते झालं. काय व्हायचं ते वर ठरेल. आता तर तुमच्या मनासारखं झालं ना? खोली शांत आहे. बसा. या मोटरी ऐका आणि सोडा. तुमचा कान अजून तोच आहे, हे मी वर लिहून देईन. तेवढं मला लिहिता येऊ द्या."

कुणी तिला याहून जास्त देऊ शकलं नसतं. दोन्ही दारं लागली. मालन बसली. पहिली मोटर लावली, दांडी टेकवली, डोळे मिटले.

मग डोळे उघडून म्हणाली, "साहेब, पेटी चालू आहे."

"बंद आहे."

"आतला पंखा चालू आहे. तो वेगळा फिरत असेल. आधी तो बंद करा."

विश्वासराव कोपऱ्यात गेले, भिंतीतून वायर उपसली आणि तिची पिन मालनपुढं धरली. तिनं पिनेकडं बघितलं, पेटीकडं बघितलं, आणि पुन्हा दांडी हाडावर ठेवली. बराच वेळ ठेवली. घूंऽऽऽ. मोटर फिरत होती हे तिला दिसत होतं.

"मालनबाई?"

तिनं खडू उचलला नाही. मोटर बंद केली, पदरानं तिच्यावरची धूळ पुसली. "यांच्यावर माझी खूण नको," ती म्हणाली. "तुमचं मीटर मागवा."

मुंबईचा माणूस आला, पेटी घेऊन गेला, महिन्याभरानं दुसरी आली. मीटर त्याच्या आधीच आलं. ते काही वाईट नव्हतं, हेही सांगायला हवं. मोटरी परत येणं थांबलं. नमदा धूळ धरतो म्हणून भिंतींवरून उतरवला. इंदूरचा कानाचा डॉक्टर म्हणाला, एवढ्याशा पंख्यानं असं होत नाही, हे मोटरींनी केलं असेल, नाहीतर वयानं. ज्याच्यावर रागवायचं तेही त्यानं तिच्याकडून काढून घेतलं. उपाय विचारला तेव्हा तो म्हणाला, सवय होईल.

विश्वासरावांनी वर बोलून तिची नोकरी राखली. तिला पुन्हा पॅकिंगला दिलं, आणि जाणीवपूर्वक आतल्या बाजूला, लेबलं चिकटवायच्या टेबलावर, जिथं गडबड नसते. भला माणूस. आठव्या दिवशी मालन त्यांच्यापुढं उभी राहिली.

"मला खोक्यांना खिळे मारतात तिथं द्या."

"तिथं? अहो, दिवसभर हातोडे चालतात तिथं. डोकं उठेल. रागानं मागताय का?"

"नाही."

"मग?"

तिथं कानातला तो आवाजही ऐकू येत नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. पण ते त्यांना कशाला सांगायचं? "द्या," ती म्हणाली.

त्यांनी दिलं. पहिल्या खोक्यावर चार हातोडे एकदम पडले, तेव्हा शेजारच्या बाया नव्या बाईचा चेहरा बघायला वळल्या. मालन डोळे मिटून उभी होती. मग तिनं पदर खोचला आणि पाचवा हातोडा उचलला.