जावईउठव

लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती. मुरबाडच्या बाजारात मी धाकट्या मेहुणीबरोबर भाजी घेत होतो. जांभळट कोंबांच्या जुड्या मांडून बसलेल्या बाईला ती म्हणाली, "मावशे, जावईउठव दे गो."

मावशीनं जराही न बिचकता दोन जुड्या उचलून पिशवीत टाकल्या.

मी घाटावरचा. या कोंबांना शेवळं म्हणतात, एवढंच मला माहीत. "हे कसलं नाव?" मी विचारलं. मेहुणी तोंडाला ओढणी लावून हसत सुटली. शेवटी मावशीच म्हणाली, "वरल्या आळीत एक जावय आला तो हलंच ना. तवापासून आमी असाच म्हनतो."

"कोणाचा जावई?"

मावशीनं मेहुणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि घाईघाईनं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.

तेव्हा मला ती दुपार आठवली. लग्नानंतरच्या पहिल्याच जूनमध्ये मी सासुरवाडीला दोन दिवसांसाठी आलो आणि आठवडाभर रमलो. कधी कोंबडी, कधी मासे, वर रायवळ आंबे. मी ओटीवर बसलेला, म्हणून माझ्या सोबतीला सासरे आणि मेहुणेही बसलेले. शेतात पेरणी खोळंबली होती, पण हे मला कोण सांगणार? एके दिवशी सासूबाईंनी वेगळ्या छोट्या टोपातली शेवळांची भाजी वाढली. "ही तुमच्यासाठी वायली," म्हणाल्या. मी भारावून पुन्हा मागून घेतली. थोड्याच वेळात घशात सुया टोचू लागल्या. नव्या जावयानं तक्रार तरी कशी करायची? ड्युटीचं काहीतरी पुटपुटलो आणि मिळाली त्या एसटीनं कल्याण गाठलं.

शेवळं खाजरी असतात, काकडाची आंबट फळं घालूनच शिजवावी लागतात, हे परतताना मेहुणीनं सांगितलं. सगळ्यांच्या भाजीत काकडं होती. माझ्या टोपात नव्हती.

घरी पोचताच मी सासूबाईंना गाठलं. "मुद्दाम केलंत?"

"मंग काय करनार?" मान वर न करता त्या म्हणाल्या. "जावयाला जा म्हनायचा? बरा दिसतो काय?"

"बरं, आणि हे नाव गावभर कोणी पसरवलं?"

"ता तुमच्या बायकोनीच."

बायको आतच होती. दारातून डोकावून तिनं अगदी साळसूदपणे विचारलं, "जेवायला थांबताय ना?"