माझ्या वाढदिवसाचा व्हिडिओ

तुम्ही दोघं अजूनही मधूनच विचारता, "आजी, तो व्हिडिओ काहून नाही पाठवला?" माझं 'काहून' तुमच्या तोंडी ऐकलं की हसू येतं आणि उत्तर राहून जातं. फोनवर तुमच्यामागे कुणाची तरी घाई असते. लिहिलं तर तुमची आई सावकाश वाचून दाखवेल.

तुमचे आजोबा गेल्यापासून मी एकटीचा स्वयंपाक करते. एकटीपुरती डाळ शिजवायची कला मला अजून साधलेली नाही; सकाळची संध्याकाळी उरते आणि संध्याकाळची सकाळी. आजोबा नोकरीला होते त्या फॅक्टरीतली मराठी मंडळी रिटायर होऊन एकेक करून मुलांकडे नागपूर-पुण्याला गेली. इथल्या आमच्या मोहल्ल्यात आता माझ्याशी मराठी बोलणारं भाजीवाल्यासकट कुणी नाही. म्हणून मी रोज दुपारी सरकारी दवाखान्याजवळच्या अन्नछत्रात वाढायला जाऊ लागले.

दवाखान्यात पेशंटला जेवण मिळतं. त्याच्याबरोबर आलेल्याला मिळत नाही. मंडला, डिंडोरीकडच्या खेड्यांतून माणसं येतात, मजुरी बुडवून. गावाहून आणलेलं पीठ संपलं की बाहेरच्या ठेल्यावर जेवावं लागतं, आणि तसं चार दिवस जेवलं तर औषधाला काही उरत नाही. मग पहिल्यांदा माणूस आपलं जेवण सोडतो. बहुधा बाई सोडते. तुमच्या शाळेत जगातल्या गरिबीवर प्रोजेक्ट असतात ना, त्यातली गरिबी मी इथे अशी पाहिली: नवऱ्याच्या खाटेखाली बसून पाणी पिणारी बाई.

हे अन्नछत्र देणगीवर चालतं. ज्याचा वाढदिवस असेल तो त्या दिवसाचा खर्च देतो. मग सगळ्यांनी ताटं हातात धरून उभं राहायचं, व्यवस्थापक ओरडतो, "सब लोग ज़ोर से!", टाळ्या वाजतात, वाढदिवसाचं गाणं होतं, आणि त्याच्या मोबाइलवर व्हिडिओ निघतो. तो देणाऱ्याला जातो, आणि पुढे मोबाइलवरून कुठेही फिरतो. त्यानंतर जेवण.

तुम्ही तिकडे परदेशात खाऊचे पैसे साठवून माझ्या वाढदिवसाचं जेवण दिलंत. व्यवस्थापकाला सांगितलंत, शिरा हवाच, आणि तो आजीनेच वाढायचा, आम्हाला सगळं बघायचंय. मी आदल्या दिवशी साडीला इस्त्री करून ठेवली. सकाळी जाऊन रवा स्वतः भाजला, कारण तिथला आचारी तो कच्चा ठेवतो.

रांग लागली तेव्हा मला नळाजवळ एक ओळखीची बाई दिसली. डिंडोरीकडची. तिचा नवरा महुआच्या झाडावरून पडला होता, कमरेचं ऑपरेशन झालं होतं. आधी ती रोज यायची, माझ्याकडून भात दोनदा घ्यायची. मग यायचीच बंद झाली. मला वाटलं, गावी गेली असेल. आता पाहिलं तर गालफडं बसलेली, बाटलीत पाणी भरून घेत होती.

मी हाक मारली, "आओ ना, आज मीठा भी है।"

ती पदर ओढून म्हणाली, "नईं अम्मा. फोटू खिंचत है."

"तो क्या हुआ?"

"गाँव में सबने देख लई. जेठ ने फोन करो, के भिखमंगों की लाइन में खड़ी होके नाक कटा दई." जेठ म्हणजे थोरला दीर. मग हळूच म्हणाली, "बिस्कुट खा लेत हैं. चल जात है."

चालत नव्हतं, ते दिसत होतं. भरलेली बाटली उचलायला तिला दोन्ही हात लागले. ती आडवी झाली असती तर वॉर्डात नवऱ्याला कूस बदलून द्यायला कुणी नव्हतं.

मी व्यवस्थापकाकडे गेले. "आज वीडियो नहीं होगा।"

"आंटीजी! आपके ही बच्चों का प्रोग्राम है. बुरा मान जाएँगे।"

"दादी मैं हूँ, मैं मना लूँगी।"

"और बाकी लोग? सबकी दादी आप थोड़ी हैं!" तो वैतागला. "वीडियो बंद, तो दान बंद. फिर चूल्हा आप जलाइएगा?"

माणूस वाईट नाही. त्याचं म्हणणं खोटंही नाही. लांबून देणाऱ्याला आपलं दिलेलं पोचलं हे कळायला दुसरं काय साधन आहे? तुम्हाला तरी दुसरं काय होतं? पण एवढ्या लांबून दिसायचं तर घेणाऱ्याचा चेहरा लागतोच, आणि देणारा मात्र आपल्या घरात, कुणाला न दिसता असतो. मी म्हटलं, "बाकी दिन आपके. आज का दिन मेरा है।"

त्याने मोबाइल खिशात टाकला आणि रागारागाने पुऱ्या वाढायला लागला. गाणं झालं नाही, टाळ्या झाल्या नाहीत. रांग न थांबता पुढे सरकली.

मी तिला भिंतीकडेला बसवलं. सुरुवातीला ती खाली मान घालून भराभरा खात होती, मग सावकाश. डोक्यावरचा पदर घसरला तरी तिने सावरला नाही. शिरा वाढायला गेले तर हात आडवा केला नाही. नवऱ्यासाठी थोडा द्रोणात मागून घेतला. निघताना विचारलं, "अम्मा, आज कौन को जनमदिन हतो?"

मी म्हटलं, "है किसी का।"

"अच्छा," म्हणाली, आणि द्रोण पदराखाली झाकून वॉर्डाकडे गेली.

रोजच्या वादानंतर व्यवस्थापक आता मी समोर असले की फक्त कढई आणि वाढणारे हात टिपतो. कधी विसरतो, मग आमचं पुन्हा वाजतं. ती बाई नवऱ्याला घरी नेईपर्यंत रोज तिथे जेवली.

त्या दिवशी घरी येऊन मी साडी बदलली, घडी घातली. उरलेली डाळ गरम केली. तुमचा फोन आला. तुमच्याकडे सकाळ होती, शाळेआधी बघायचा म्हणून तुम्ही लवकर उठला होतात. "आजी, व्हिडिओ?" मी म्हटलं, त्यांच्या मोबाइलची बॅटरी गेली. मग धाकटी म्हणाली, "ओके आजी. हॅपी बर्थडे." त्या दिवसभरात मला तसं म्हणणारी ती एकटीच. बस आली म्हणून फोन ठेवलात.

खरं ते तेव्हाच सांगायचं होतं. ती नळाजवळची बाई जेवली. तुम्ही दिलेलं जेवली, आणि तिला कुणी पाहिलं नाही.