शंभराला दोन

त्या दिवशी सकाळी आम्ही नवरा-बायकोनं मिळून माल कालवला. ती पाणी ओतायची, मी फावडं मारायचो. पाणी जास्त झालं म्हणून मी खेकसलो. ती म्हणाली, "खेकसा. दुसरं काय येतंय तुमाला?"

तेवढ्यात जीप आली. ठेकेदार उतरला, मागून नवा ओव्हरसियर. म्हणजे तिचा सख्खा भाऊ. आई मेल्यावर तिनंच वाढवलेला. तो परभणीत बोर्डिंगात होता तेव्हा दर रविवारी ती पिंगळीच्या टेशनावर चालत जायची, गाडीतल्या ओळखीच्या माणसाजवळ त्याच्या भाकरी द्यायची.

"जयभीम, बापू," ती म्हणाली.

त्यानं ठेकेदाराकडं बघितलं. मग तिला म्हणाला, "ए बाई, बाजूला हो."

बाई.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरचं हे. ताडकळसच्या वाटेवर एका गावात शाळा बांधत होतो. नकाशात खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंतींना बांधून घेणारा सळई-काँक्रीटचा पट्टा होता. भूकंपासाठी. शेजारी आकडा, पॉइंट शून्य दोन, आणि पुढं एक इंग्रजी अक्षर. बदलून गेलेल्या साहेबांनी मला ते समजावलं होतं. ते अक्षर म्हणजे जमिनीची ओढ. भिंत शंभर किलोची, तर भूकंप तिला दोन किलोच्या जोरानं आडवा ढकलणार, असं धरायचं. मी चौथी शिकलेला. मला कळलं.

मेहुण्यानं तोच आकडा सेंटीमीटरचा धरला, म्हणजे जमीन तेवढीच सरकणार. एवढ्यानं पान हलत नाही म्हणाला, आणि पंधरा दिवसांपूर्वी ऑफिसात बसून पट्ट्यावर लाल रेघ मारली. आम्ही भिंती तशाच वर नेल्या. त्या दिवशी तो पहिल्यांदा कामावर आला, म्हणून मी हळूच जुन्या साहेबांचं सांगणं सांगितलं.

"आता गवंडी मला भूकंप शिकवणार," तो म्हणाला. "तू विटा रच."

सगळे हसले. घरी हा मला दाजी म्हणायचा.

ती डोक्यावर घमेलं घेऊन तशीच उभी राहिली. "बापू, वझं सरळ आसलं तर पेलतं. बाजूनं नुसता धक्का बसू दे, मान मोडती. दाजी खरं सांगायलेत."

त्यानं पाठ फिरवली.

दुपारी विटांचा ट्रक मागं घेताना भिंतीला घासला. लांब भिंत. वर कशानंच बांधलेली नव्हती. सलग आडवी झाली. बायको खाली होती.

तिला माती देऊन आलो. संध्याकाळी तो कागद घेऊन आला. माल कच्चा, चूक गवंड्याची, असं लिहिलेलं.

"दाजी, सही करा. माझी नोकरी जाईल."

मी म्हणलं, "आकडा कळला नव्हता तर इचारायचं होतं."

तो खाली बघत म्हणाला, "कळला होता, दाजी. आठ दिवसांनी कळला. तवर रेघ मारून झाली होती."

आठ दिवसांनी. म्हणजे तिला बाई म्हणला तेव्हा त्याला ठाऊक होतं.

मी कागद परत दिला. सही येत असून केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेवर गेलो. उरलेल्या तीन भिंती माझ्याच हातच्या. शिडी लावून वर चढलो आणि वरून एकेक थर उतरवायला लागलो. ठेकेदार खालून शिव्या देत होता. मी त्याला एकच सांगितलं. खिडक्यांच्या माथ्यापर्यंत उतरवणार, पट्टा टाकल्याबिगर यावर एक वीट चढू देणार नाही.

आणि पुढची वीट काढली.