दोनला नापास करणारं मशीन

सोलापुरात त्या काळी कॉम्प्युटर नव्हता असं म्हटलं तर कुणाला तरी राग येईल. एखाद्या कचेरीत असेलही. आमच्या कॉलेजात मात्र नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगते. तरी गणिताच्या सरांनी ठरवलं, मुलींना प्रोग्रॅम लिहायला शिकवायचंच. सर सुट्टीत पुण्याला कसलासा कोर्स करून आले होते आणि आल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. मशीन नाही म्हणून अडायचं कशाला? त्यांनी आम्हालाच मशीन केलं.

प्रोग्रॅम फळ्यावर लिहिलेला असे. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, एवढंच त्यानं सांगायचं. एकीनं भाजक धरायचा, सुरुवात दोनपासून. मैंदर्गीहून आलेल्या माझ्या मैत्रिणीनं भागाकार करायचा. ती तो ओठातल्या ओठात कानडीत करायची आणि बाकी मराठीत सांगायची. मी म्हणजे ‘जर’. बाकी शून्य आली तर मी उठून ‘मूळ नाही’ म्हणायचं, की खेळ संपला. नाही आली तर भाजक एकानं वाढवायचा. वाढत वाढत तो त्या संख्येएवढा झाला की मी ‘मूळ’ म्हणायचं, नाहीतर पुन्हा भागाकार.

मला जमायचं नाही ते एकच. सातचं नाव निघालं की मी लगेच ‘मूळ’ म्हणून मोकळी. सर वैतागायचे. मशीनला डोकं नसतं, फळ्यावर आहे तेवढंच करायचं, हे रोज ऐकून घ्यावं लागे. घरी डोकं चालवत नाही म्हणून बोलणी, इथं चालवते म्हणून. शेवटी चिडून मी ठरवलं, आता काही झालं तरी डोकं चालवायचं नाही.

यातही आम्ही आपला फायदा शोधलाच. गृहपाठ झालेला नसला की कुणीतरी साळसूद चेहऱ्यानं म्हणायचं, सर, आज चारशे एकोणीस घेऊ या का? चारशे एकोणीस मूळ आहे. घंटा होईपर्यंत मशीन चालू, आणि सर खूश.

मग सरांनी पुण्याची सहल काढली. खरं मशीन बघायचं, एक रात्र मुक्काम. सोबतीला सर आणि ग्रंथालयातल्या बाई. सरांचा राग चहा निवेपर्यंतही टिकत नसे, आणि बाईंची सख्खी बहीण पुण्यात राहत होती, म्हणजे बाई आमच्या वाट्याला येणारच नव्हत्या. याहून चांगला बंदोबस्त आम्हाला नकोच होता. सिनेमा कुठला बघायचा इथपर्यंत आमचं ठरलं. शिवाय खरं सांगते, ते मशीन बघायची मला मनापासून ओढ लागली होती. दिवसभर ज्याचं सोंग घ्यायचं, ते दिसतं तरी कसं? अडलं होतं फक्त प्राचार्यांच्या सहीवर. ती असेल तरच माझे वडील मला सोडणार होते. प्राचार्य म्हणाले, मुली काय शिकल्यात ते आधी बघतो.

ते येऊन पहिल्या बाकावर बसले. सरांनी एकवीस दिली, आम्ही ती झोकात निकालात काढली. प्राचार्यांना वाटलं, पाठ करून आणलंय. त्यांनी स्वतः संख्या दिली, दोन.

भाजक दोन. मैत्रिणीनं भागलं, बाकी शून्य. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. दोन मूळ असते हे काय मला माहीत नव्हतं? सर फळ्याशी उभे राहून भुवयांनी खुणा करत होते. पण इतके दिवस बोलणी मी खाल्ली होती. मी उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “मूळ नाही.”

प्राचार्यांचा चेहरा उतरला. हे तर शाळेतल्या पोरालाही कळतं, असं ते सरांना म्हणाले. सर घामाघूम. सहल हातची गेली हे मला दिसत होतं, पण जीभ काही थांबेना.

“सर, आमचं बरोबर आहे. चूक फळ्यावर आहे.”

आता वडिलांना बोलावणं जाणार, असं मला वाटलं. प्राचार्य उठले, फळ्याशी गेले आणि ओळींवर बोट ठेवून वाचू लागले. ऑफिसात ते छापील मराठी बोलायचे, पण मूळचे करमाळ्याकडचे.

“हितं चुकलंय की,” ते म्हणाले. “भाजक संख्येएवडा झालाय का, ते आदी बगायचं. मग भागायचं.”

त्यांनी खडू घेतला, खालची ओळ पुसून वर लिहिली आणि पुन्हा चालवायला सांगितलं. दोन मूळ निघाली. मग त्यांनी तीन दिली, मग नऊ, मग एक्क्याण्णव. घंटा झाली, पुढच्या तासाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी ते आम्हाला सोडेनात. शेवटी तिथंच उभ्यानं त्यांनी सहलीच्या अर्जावर सही केली. मी मैत्रिणीचा हात इतका दाबला की ती कळवळली. अर्ज सरांच्या हातात देत प्राचार्य म्हणाले, “मी बी येतो. मला ते यंत्र बगायचंच हाय.”

गाडीत ते आमच्या समोरच्याच बाकावर बसले. सिनेमाचं नाव कुणी काढलं नाही. जेऊरला चहावाला खिडकीशी आला, तेव्हा आम्ही आमच्या डब्याच्या चार आकडी नंबराला भागत होतो, कुर्डुवाडीपासून. मी चहासाठी हात बाहेर काढला.

“चहा मागनं घे,” प्राचार्य म्हणाले. “बाकी किती आली?”