वादळाची खबर कुणी पसरवली?

ग्रह एकत्र आले की वादळ येतं, हे मी खरं मानत होते. कोण मी? चेन्नईतल्या पोलीस ठाण्याची इन्स्पेक्टर! सासूबाई म्हणाल्या, आणि मी घरच्या ग्रुपवर लिहून टाकलं, 'शुक्रवारी पाच ग्रह एकत्र. वादळ नक्की. तळमजला रिकामा करा.' मग ड्युटीवर गेले आणि विसरले.

शुक्रवारी आमच्या पेरुंगुडी भागात पानही हललं नाही. पण घाबरून सामान वर चढवताना एका आजोबांचा पाय मोडला आणि अफवेची तक्रार ठाण्यात आली. नाक्यावरच्या फुलवालीनं खबर दिली, "अम्मा, गच्चीवर दुर्बीण लावतात ना, ते मास्तर! ग्रहांचं तेच सांगत होते."

मास्तर निवृत्त शिक्षक, तंजावरकडचे मराठी, म्हणजे आपल्यातलेच. त्यांना बोलावून घेतलं.

"मी पोरांना ग्रह बघायला बोलावलं. वादळाचं एक अक्षर जरी लिहिलं असेल तर बेडी घाला."

"मग काय शनीनं लिहिलं?" मी टेबलावर हात आपटला. काय खूश झाले होते त्या वाक्यावर!

"वादळाला समुद्राची ऊब लागते, अम्मा. शनीचं तिथं काय काम?"

मला तो उद्धटपणा वाटला. एफआयआर लिहायला सांगितला. अटक झाली असती, तर त्यांच्या गच्चीवर पुन्हा कुणी मूल पाठवलं नसतं.

तेवढ्यात हेड कॉन्स्टेबल बाईंनी मला बाहेर बोलावलं. कुणाला मेसेज कुणाकडून आला, हे विचारत त्या सहा फोन मागे गेल्या होत्या.

"मॅडम, वस्तीत पहिला मेसेज तुमच्या नणंदेचा. 'आमच्या इन्स्पेक्टर वहिनीनं कळवलंय,' असं लिहून खाली तुमचंच वाक्य." मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "पण आरोपी सापडला, मॅडम."

त्या गप्प बसल्या असत्या, तर मी एका निरपराध माणसाला आत टाकलं असतं. त्यांचे उपकार मी अजून मानते. मास्तरांना सोडलं, स्टेशन डायरीत स्वतःचं नाव लिहिलं, साहेबांकडून मेमो घेतला, आजोबांना इस्पितळात भेटून आले. पुढे प्रत्येक तपासात, खबर पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली, हे शोधल्याशिवाय मी कुणाला पकडलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माफी मागायला मास्तरांच्या गच्चीवर गेले. हात जोडून बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी माझं डोकंच दुर्बिणीकडे वळवलं.

"माफी नंतर, इन्स्पेक्टरम्मा. मागे पोरं रांगेत उभी आहेत. गुरू बघा आणि पटकन सरका."